नववीतल्या पोरांच्या दप्तरात पुड्या सापडल्या, आता दाखला हातात द्यायचा का?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्राकडेच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाहीये, पोरं लहान आहेत, उद्या त्यांना याच गावात राहायचंय.

मधल्या सुट्टीत मुतारीमागे चार पोरं सापडली, तीन नववीतली आणि एक आठवीतला. दप्तरं बघितली तर गुटख्याच्या पुड्या, आणि एकाकडे ते व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, पेनासारखं दिसतं, आमच्या शिपाईमामांना तर हायलायटरच वाटला. पुड्या कुठून आणल्या विचारलं तर चौघांनी एकच टपरी सांगितली, शाळेच्या गेटातून दिसते ती. व्हेप गणपतीत मुंबईहून आलेल्या एका मोठ्या मुलाने दिलं म्हणे.

शनिवारी संस्थेची सभा आहे. अध्यक्ष आणि दोन-तीन सभासद म्हणतायत चौघांना दाखला देऊन मोकळे व्हा, नाहीतर बाकीची पोरं नासतील. पालकांमधूनही तोच सूर आहे. माझं मत ठाम आहे की दाखला देऊ नये, आणि हे मी दयामाया म्हणून बोलत नाहीये. आमच्या भागात शाळा सुटलेला पोरगा कुठे जातो ते आपल्याला माहितीये. बंदरावर जातो, नाहीतर सीझनला टुरिस्टांच्या मागे, नाहीतर त्याच टपरीच्या बाकड्यावर बसतो. म्हणजे ज्या जागेपासून त्याला लांब ठेवायचंय तिथेच आपण त्याला पूर्णवेळ पाठवणार, आणि शाळेत त्याच्याकडे लक्ष ठेवणारी आठ-दहा माणसं असतात ती पण काढून घेणार.

दुसरं म्हणजे पैसा. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी जाऊन बघा, टोपल्या उचलायला, बर्फ ओढायला किती शाळकरी पोरं असतात. हातावर रोख पैसे मिळतात, घरी त्यातले थोडे दिले की कोणी हिशोब विचारत नाही. आंब्याच्या सीझनला बागेत तेच. काम करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, घरची परिस्थिती मला दिसते, पण तेरा वर्षाच्या पोराच्या खिशात रोजचे पैसे आणि बाजूला मोठी माणसं तंबाखू मळून खातायत, मग ते काय शिकणार.

तर तुमच्याकडे असं झालं तेव्हा शाळेने, गावाने काय केलं ते लिहा. सभेत नुसतं "पोरं आहेत, सांभाळून घ्या" म्हणून चालणार नाही, हातात काहीतरी ठोस हवंय.

गुहागरचे_गुरुजी

बाई, तुमची तळमळ समजते. पण मी निवृत्त मुख्याध्यापक म्हणून दुसरी बाजू मांडतो. चारशे मुलांची शाळा असेल तर तीनशे शहाण्णव मुलांच्या पालकांना काय उत्तर देणार? मुलं एकमेकांचं बघून शिकतात, व्यसन तर सगळ्यात आधी. एकाला सोडलं की दुसऱ्याची भीड चेपते. आमच्या वेळी एक जरब होती, मास्तर समोरून दिसला तर मोठा माणूससुद्धा विडी विझवायचा. ती जरब गेली म्हणून हे दिवस आले असं माझं प्रामाणिक मत आहे. दाखला नको तर नको, पण शिक्षा दिसली पाहिजे आणि ती सगळ्यांना दिसली पाहिजे.

अ‍ॅडव्होकेट_वाशिष्ठी

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे शनिवारी सभेत उपयोग होईल.

आठवीतल्या मुलाला दाखला देता येणारच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि गुरुजी, त्याच कायद्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, तेव्हा "सगळ्यांना दिसेल अशी शिक्षा" म्हणजे प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करून अपमान असा अर्थ असेल तर ते शाळेवरच उलटेल.

आता टपरीचं. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा आहे, कोटपा म्हणतात तो. त्याच्या कलम ६ मध्ये १८ वर्षाखालच्याला विक्री बंद, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डाच्या आत विक्रीच बंद. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. पण त्यात दंड आहे फक्त २०० रुपयांपर्यंत, टपरीवाला तो हसत भरतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. म्हणून लोकांना वाटतं कायद्यात काही दम नाही. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ कोणी वाचतच नाही. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखूसुद्धा त्यात आहे, परत सांगते. गुटख्याला तर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदी, म्हणजे ती पुडी मोठ्या माणसाला विकणं पण गुन्हा, तिथे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. व्हेपच्या विक्रीला २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे बघा, कायद्याच्या नजरेत या सगळ्यात गुन्हेगार विकणारा आहे, आणि ज्याला व्यसनात ओढलं जायचा धोका आहे त्या मुलाला बाल न्याय कायदा "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" धरतो. आपली संस्था नेमकं उलटं करायला निघालीय.

सुपारीबाग

शंभर टक्के सहमत. आमच्या शाळेत दोन पोरांना काढलं होतं, टपरी अजून तिथेच आहे.

वेंगुर्ल्याचो_बाबू

ताई, तुमचा बरोबर आसा. आमच्याकडे तर अजून वेगळाच. बांदा पार केलो की गोवा, थयसर अठरा वर्साक दारू गावता, हयसर बियरेक एकवीस आणि कडक दारूक पंचवीस. पोरां मोटारसायकल घेवन जातत नी बाटल्यो घेवन येतत, मोठ्यांचाच बघतत ना. घरात कोण गोव्याक गेलो की येताना काय आणलंस म्हणान आमीच इचारतो, पोरगो बाजूक बसान आयकता.

आणि टुरिस्ट. माजो होमस्टे आसा म्हणान सांगतंय. टुरिस्ट अर्धी बाटली, सिगरेटीचा पाकीट रूमात ठेवन जातत. रूम साफ करूक शाळेतलो पोर गेलो तर पयली चव थयच घेता. आमी आजूबाजूच्या चार-पाच होमस्टेवाल्यांनी ठरवलां, रूमची साफसफाई पोरांकडसून करून घेवची नाय, आणि टुरिस्टान पोराक दारू सिगारेट आणूक धाडल्यान तर त्याका थयच सांगूचा की ह्या चलाचा नाय. गिऱ्हाईक रागावता कधी कधी. रागावान दे.

डॉक्टर_जांभा

मी याच पट्ट्यात प्रॅक्टिस करते, दाताची डॉक्टर आहे, त्यामुळे तोंड उघडून बघायला मिळतं, आणि जे दिसतं ते सांगायलाच हवं.

आपण सगळे गुटखा, व्हेप, ड्रग्ज बोलतोय. आपल्या कोकणात मुलांचं पहिलं व्यसन खूपदा घरातच लागतं, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. मिश्री. आजी चुलीवर तंबाखू भाजून काळी पूड करते, सकाळी उठल्या उठल्या बोटाने दाताला लावते, शेजारी बसलेल्या नातीला पण दात दुखतो म्हणून लावते. दात दुखायचा थांबत नाही, पण निकोटिन लागतं आणि मग मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही अशी मुलगी माझ्यासमोर येते. दुसरी सुपारी. सुपारी आपल्या बागेतली, श्रीवर्धनची रोठा तर अभिमानाची गोष्ट, पूजेला लागते, तेव्हा ती वाईट कशी असेल असं लोकांना वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला तंबाखूशिवाय नुसतीच असली तरी कॅन्सरकारक ठरवलंय, २००४ साली. लहान मुलांना जी गोड सुपारीची पाकिटं देतात ती याच रस्त्याची सुरुवात आहे. सतत सुपारी चघळली की गालाची आतली कातडी ताठ होत जाते, पांढरे पट्टे येतात, तिखट झोंबतं आणि तोंड उघडणं कमी होतं. घरी बघायची साधी पद्धत, मुलाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर लगेच दाखवा. ही ताठरता पूर्ण मागे जात नाही, पण लवकर थांबवली तर पुढचं वाचतं.

आकडे हवेत तर, २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळेतल्या मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात पाच. तेव्हा अध्यक्षांना विचारा, चार सापडली ती काढाल, न सापडलेल्यांचं काय? आणि एकदा काढायला लागलात की उरलेली पोरं कोणालाच काही सांगणार नाहीत.

आणखी एक गोष्ट जी शाळांच्या लक्षात येत नाही. हुंगायच्या वस्तू, पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीत, ती पण २०१९ ला आली, बाकी सगळ्या नशा मोठ्यांत जास्त निघाल्या, हीच एक अशी निघाली की १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. स्वस्त आहे, घरात गॅरेजात पडलेलं असतं, वास दुसऱ्याच कशाचा तरी वाटतो. आणि याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मूल जाऊ शकतं. कपड्याला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, रुमाल किंवा पिशवी लपवणं, भर दुपारी झिंगल्यासारखं बोलणं, असं दिसलं तर ओरडत बसू नका, दवाखान्यात आणा.

रापणकर

आमच्या बंदराचं लिहितो. होड्यांवर तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, खलाशी, सगळेच तंबाखू मळून खातात, दोन-दोन चार-चार दिवस समुद्रात, रात्रीचा जागता पहारा, थंडी, तेव्हा तंबाखू लागते असं म्हणतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पोरांना होडीवर घ्यायची पद्धत आम्हीच बंद करायला पाहिजे. दहावी नापास झाला की बाप म्हणतो घे रे ह्याला, चार पैसे शिकेल. मी घेत नाही, अठरा झाल्याशिवाय नाहीच. दुसरा घेतो हा प्रॉब्लेम आहे.

जून-जुलैला मासेमारी बंद असते ना, एक जून ते एकतीस जुलै, ते दोन महिने सगळ्यात वाईट. मोठी माणसं दिवसभर सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यावर, नाहीतर जेटीवर बसून, पत्ते, बाटली. पोरं त्यांच्याच अवतीभवती. शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते. बाई, तुम्ही काही करणार असाल तर शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच करा आणि आम्हाला पण बोलवा, त्या वेळी आम्ही घरीच असतो, एरवी पालकसभेला बाप येत नाही म्हणून शाळा ओरडते, पण आम्ही समुद्रात असतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला सगळी वाडी दोरीला लागते, एकट्या शाळेने हे ओढायचं म्हटलं तर नाही जमणार.

गुहागरचे_गुरुजी

वकीलबाईंचं कलम ७७ वाचलं. हे खरोखर माहीत नव्हतं बऱ्याच शाळांना, मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत वाचून दाखवायला हवं. विकणाऱ्याबद्दल एकमत. पण तरी एक विचारतो, नववीतला पोरगा काही कुक्कुलं बाळ नाही. त्याला काहीच जबाबदारी नको? सगळं टपरीवाल्यावर आणि समाजावर टाकलं की मुलगा शिकतो की आपण काही केलं तरी चालतं.

दोघांची_आई

गुरुजी, मी त्या पोराची आई आहे असं समजून वाचा. खरंच आहे, माझ्या मोठ्याचं नववीतच झालं होतं, पुडी. नवरा मुंबईला कंपनीत, घरात मी आणि सासूबाई. शाळेतून फोन आला, गेले, तर ऑफिसमध्ये पाच-सहा शिक्षक, दोन सभासद, आणि हा मधे उभा. एकेक जण बोलत होता. तो मान खाली घालून उभा होता आणि त्या दिवशी घरी आल्यावर जेवला नाही, दुसऱ्या दिवशी शाळेला जातो म्हणून निघाला आणि टपरीवरच बसला, कारण तिथे कोणी त्याला काही बोलत नव्हतं. पुडी आधी दिवसाला एक होती ती वाढली. ही जबाबदारी शिकवली का आपण?

मग त्याच शाळेतले पी.टी.चे सर घरी आले. ओरडले नाहीत, घरात बसून चहा घेतला आणि त्याला म्हणाले मला उद्यापासून सकाळी साडेसहाला मैदानावर लाइन आखायला माणूस हवाय, येशील का. बस एवढंच. तो जायला लागला. मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिले तीन-चार दिवस चिडेल, झोपणार नाही, डोकं दुखेल म्हणेल, तेव्हा भांडू नका, पाणी, बडीशेप, शेंगदाणे असं काहीतरी तोंडात ठेवायला द्या. तसंच झालं, चिडला, दार आपटलं, मी गप्प राहिले. मधे एकदा परत खाल्ली. सरांना त्याने स्वतः सांगितलं. सर म्हणाले बरं, आज परत सुरू करू. आता तो आयटीआयला आहे. सरांनी त्याला सोडलं नव्हतं गुरुजी, रोज साडेसहाला उभं केलं, त्याच्याकडून काम करून घेतलं, ती पण शिक्षाच म्हणा हवं तर, पण त्यात त्याला तोंड लपवावं लागलं नाही.

डॉक्टर_जांभा

ताई, तुमच्या सरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. निकोटिनचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, मग दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. पुन्हा एकदा खाल्ली म्हणजे सगळं फुकट गेलं असं नसतं, बहुतेकांचं असंच होतं, चार-पाच वेळा सुटतं, परत लागतं आणि मग कायमचं सुटतं. मेंदूचा विचार करून निर्णय घेणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे या वयात लागलेलं जास्त घट्ट बसतं, पण या वयात वेळेवर धरलं तर सुटतंही. एकच सांगते, निकोटिनचं च्युइंगम वगैरे मुलांना आपल्या मनाने आणून देऊ नका, डॉक्टरला विचारा.

दारू, गांजा किंवा गोळ्या असतील तर प्रकरण वेगळं, तिथे घरच्या घरी बंद करायला जाऊ नका. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नाव ऐकून लोक घाबरतात, "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणतात, त्यापायी किती पोरं घरात सडतात.

नवखा_सागरी

मला वाटतं आपण पुड्यांवर फार बोलतोय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशीला चरसची पाकिटं वाहून आली होती, कस्टमने किलोच्या किलो जप्त केली, तिकडे श्रीवर्धनपर्यंत सापडली. एवढं मोठं संकट दारात असताना शाळा सुपारीवर चर्चा करणार का?

खाडीपलीकडची

आठवतंय ना, न आठवायला काय झालं. पोलीस शाळेत येऊन सांगून गेले होते की किनाऱ्यावर पाकीट दिसलं तर हात लावू नका, कळवा, आणि आमच्या पोरांनी ते नीट पाळलं. पण त्या वेळी सगळ्या गावाचं लक्ष समुद्राकडे आणि टपरीकडे कोणाचंच नाही. चरस वाहून येतो कधीतरी. पुडी रोज मधल्या सुट्टीत येते. आणि जो पोरगा बाराव्या वर्षी घरच्यांपासून लपवून काहीतरी घ्यायला शिकतो, ज्याचा विकणाऱ्याशी परिचय होतो, उधारी होते, त्याच्याकडे उद्या कोणी दुसरं काही घेऊन आला तर नाही म्हणायची सवय त्याला कुठून असणार? मला तरी हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत.

अ‍ॅडव्होकेट_वाशिष्ठी

यात एक भर. गांजा-चरसच्या प्रकरणात पालक घाबरून डॉक्टरकडेच जात नाहीत, केस होईल म्हणून. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटल्यापासून संरक्षण मिळतं. तेव्हा उपचाराला जाणं ही कायद्याने पण सुरक्षित वाट आहे.

परळचा_चाकरमानी

आम्ही मुंबईकर पण यात आहोत म्हणून लिहितो. गणपती आणि शिमग्याला आम्ही गावी येतो तेव्हा काय काय घेऊन येतो ते सगळ्यांना माहितीये. वर्षभर शाळेने सांगितलेलं आम्ही दहा दिवसांत पुसतो. पोरं पोस्त मागायला येतात, त्यांच्या हातात पैसे देतो आणि त्यांच्यासमोरच बसतो. तुमच्या त्या व्हेपवाल्या पोरासारखी पोरं आमच्याच घरातली.

आमच्या वाडीत मुंबई मंडळ आणि गावकीने मिळून एक गोष्ट ठरवली, पालखी घरोघरी फिरते तेव्हा पिऊन कोणी पालखीला खांदा द्यायचा नाही. मोठा वाद झाला, दोन मानकरी रुसले. पण देवाच्या पालखीचं म्हटल्यावर कोणाला उघड विरोध करता आला नाही. पोरांनी पहिल्यांदा बघितलं की मोठ्या माणसाला पण कोणीतरी थांबवू शकतं. हे शाळेच्या भाषणात होत नाही.

अजून एक, मंडळाच्या पैशातून शाळेच्या मैदानाला दोन लाइट लावून दिले. आधी मंदिराच्या कमानीलाच पैसे जायचे. आता पोरं साडेआठपर्यंत कबड्डी खेळतात.

सुपारीबाग

हे लाइटचं फार पटलं. आमचं मैदान पाच वाजता कुलूप. पाच ते आठ पोरांनी जायचं कुठे? उत्तर एकच, टपरी.

खाडीपलीकडची

लाइटचं वाचून मला आइसलँडचं आठवलं, एका प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि नंतर शोधून वाचलं. १९९८ ला तिथे १५-१६ वर्षाची ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगरेट ओढणारी २३ वरून ३. त्यांनी काय केलं तर दरवर्षी मुलांनाच विचारायचं, नाव न घेता, आणि उत्तरं गावागावाला द्यायची. शाळेनंतर खेळ, संगीत याला सरकारचा पैसा. पालकांनी एकत्र बसून ठरवायचं की रात्री मुलं बाहेर नाहीत. श्रीमंत देश आहे, आपलं तसं नाही, पण मैदानाला दोन लाइट, भजनाची पेटी, नमनाच्या, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्याच्या, तालमीला पोरांना घेणं याला किती पैसे लागतात? आमच्या गावात ढोलकी वाजवणारा शेवटचा म्हातारा आहे, शिकायला कोणी नाही म्हणून रडतो, आणि इकडे पोरं रिकामी.

आणि जनजागृतीचं पण बोलायला हवं. ३१ मे तंबाखूविरोधी दिन, तेव्हा शाळेला सुट्टी. २६ जून अमली पदार्थविरोधी दिन, तेव्हा फेरी, घोषणा, शपथ, फोटो, झालं, वरती अहवाल गेला. सडलेल्या फुप्फुसाची चित्रं दाखवतात, पोरं दोन मिनिटं ई करतात आणि सुट्टीत परत तेच. एकदाच येऊन भीती घालणाऱ्या भाषणाने फरक पडत नाही, हे आता जगभर तपासून झालंय. फरक पडतो तो वर्षभर थोडं थोडं बोलण्याने. मी माझ्या वर्गात करून बघते, दोन पोरं उभी करायची, एक आग्रह करतो, "अरे एकदा घे, काय होतं, पोरगी आहेस का", दुसऱ्याने मैत्री न तोडता नाही म्हणायचं. पहिल्यांदा सगळी हसतात. मग कोणीतरी खरंच चांगलं वाक्य काढतो. एक पोरगा म्हणाला, "माझी आज मॅच आहे, तू पण चल." ते वाक्य आता वर्गात चालतं.

वेंगुर्ल्याचो_बाबू

ह्या बेस्ट आसा बाई. आमच्या शाळेतल्या मास्तरांका सांगतंय.

दोघांची_आई

मुलींना विसरू नका एवढंच. मुतारीमागे मुलगे सापडतात. मिश्री लावणारी मुलगी कुठेच सापडत नाही, तिला कोणी विचारत पण नाही.

गुहागरचे_गुरुजी

बाई, मी तुमच्या बाजूने सभेला पत्र देतो, हवं असेल तर. माझी एकच अट, मुलांकडून आणि पालकांकडून लेखी घ्या, काय करणार ते. धमकी म्हणून नको. लिहून दिलं की माणूस थोडा बांधला जातो. त्या पी.टी.च्या सरांसारखा एकेक शिक्षक प्रत्येक मुलाला नेमून द्या, नुसतं "शाळा लक्ष ठेवेल" म्हणालात तर कोणीच ठेवणार नाही. जरबेबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण ती आधी टपरीवाल्याला बसू दे.

खाडीपलीकडची

गुरुजी, पत्र नक्की द्या, तुमच्या शब्दाला आमच्या अध्यक्षांकडे वजन आहे. लेखी घेण्याचं पण मान्य, पण त्यात "पुन्हा आढळल्यास दाखला" हे वाक्य मी घालू देणार नाही, डॉक्टर म्हणाल्या तसं एखादं पोर परत घसरणार हे धरूनच चालायला हवं.

शनिवारी मांडणार ते असं. चौघं शाळेतच राहतील, प्रत्येकामागे एक शिक्षक. चौघांच्या घरी मी आणि आमचे एक सर जाऊ, ऑफिसात कोणाला बोलावणार नाही, आणि घरात मिश्री, तंबाखू कोण कोण खातं ते पण प्रेमाने विचारू. टपरीबद्दल शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पोलीस ठाणे, अन्न व औषध प्रशासन आणि ग्रामपंचायत तिघांना लेखी अर्ज, त्यात कलम ७७ चा स्पष्ट उल्लेख. टपरीवाला गावातलाच, एका शिक्षकाचा चुलतभाऊ लागतो, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त कुरकुर होणार, मला माहितीये. त्याला आधी एकदा समोर बसवून सांगू की वडापाव, चहा, वह्या विक, आम्हीच गिऱ्हाईक देतो, पण ही पुडी बंद. नाही ऐकलं तर अर्ज जाणारच. आणि मैदानाच्या लाइटसाठी आमच्या मुंबई मंडळाला पत्र. फोन नंबर वर्गाच्या भिंतीवर लावतेय, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मन मोकळं करायला टेली मानस १४४१६, मुलांसाठी १०९८, आणि कोणी अमली पदार्थ विकताना दिसला तर १९३३.

अ‍ॅडव्होकेट_वाशिष्ठी

अर्जाचा मसुदा मी करून देते, निरोप करा. शाळेपासून टपरी किती लांब ते टेपने मोजा, अंदाजे लिहू नका, मोजताना सरपंच किंवा पोलीस पाटील सोबत घ्या आणि पंचनाम्यासारखी दोन ओळींची नोंद करून सह्या घ्या. जमिनीवर पिवळी रेघ मारायची तरतूद तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, ती पण मारून टाका. पोरांची नावं अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

डॉक्टर_जांभा

मी पुढच्या आठवड्यात येऊन सगळ्या शाळेची तोंडं तपासते, पाचवीपासून दहावीपर्यंत, शिक्षकांची पण. चौघांना वेगळं काढून तपासायचं नाही, रांगेत इतरांसारखंच. मुलींची तपासणी वेगळ्या खोलीत ठेवा, मिश्रीचं तिथे बोलतील. टॉर्च माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त उजेडाची खोली आणि हात धुवायला पाणी बघा.

रापणकर

टेप माझ्याकडे आहे, लांबीचा, जाळ्याला लागतो तो. शनिवारी सकाळी सभेच्या आधी येतो. पोलीस पाटलांना मी सांगतो.